हळू उठवणारे दामूअण्णा

दामूअण्णांविषयी लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. विषय निघाला की त्यांची एखादी गंमत सांगायची, मंडळींना हसवायचं आणि जिथून माझा भाग सुरू होतो तिथं पानाचा डबा पुढे ओढायचा, अशी युक्ती मी करून ठेवली होती. आता तोंडात दात राहिले नाहीत, त्यामुळे पानही खाता येत नाही. तेव्हा या खेपेस सगळं सांगतो.

आधी गंमत. कल्याणात आगगाडी येऊन दहा-पंधरा वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. पहाटे, अजून उजाडायचं असताना, शेंडी-गंधवाला एक प्रौढ ब्राह्मण स्टेशनामागच्या खोल्यांपाशी उभा राहून अगदी मायेच्या आवाजात म्हणत असे, "बोंबील... कोळंबी... मांदेली... रावस..." आत हालचाल नसली की थोडं थांबून, "पापलेट." मग आतली खाट करकरत असे.

खाटेवर पेद्रू. हा ठाण्याकडचा किरिस्ताव, इंजिनात कोळसा टाकायच्या कामावर होता. हाका मारा, दार ठोका, तो कूस बदलत नसे. माशांच्या नावांनी मात्र हसत उठे. "आण्णा, रोज पापलेट बोलतंस, देतंस कवां?" असं तो खिडकीतून ओरडे. अण्णांनी जन्मात मासळीला हात लावला नव्हता. गावातले भटजी म्हणत, दामू ब्राह्ममुहूर्तावर मासळीचं सहस्रनाम म्हणतो. अण्णा म्हणत, "ज्या नावानं माणूस हसत उठतो, तेच त्याचं प्रातःस्मरण."

त्यांचं खरं आडनाव गाव विसरून गेलं होतं. सगळे त्यांना 'उठवे' म्हणत. पहाटेच्या पहिल्या गाडीवर ज्यांचं काम असे, त्या माणसांना उठवायला रेल्वेनं त्यांना ठेवलं होतं. पूर्वी एक शिपाई काठीनं दारं बडवत हिंडे. त्या आवाजानं उठलेली माणसं तिरसट चेहऱ्यानं कामावर येत आणि इंजिन तापायच्या आत एकमेकांवर तापत. अण्णा आल्यावर भांडणं थांबली.

त्यांचं शास्त्र असं की, झोपेत जीव हिंडायला जातो. कुणाचा नाशकापर्यंत, कुणाचा नुसता परसापर्यंत. त्याला परतायला वेळ द्यावा लागतो. मला म्हणत, "तो काही आगगाडीनं येत नाही, गोपाळराव. पायी येतो. आपण इकडे आरडाओरडा केला तर तो धावत सुटतो, ठेचकाळतो, आणि मग माणूस दिवसभर लंगड्या जिवानं वावरतो." कुणी घाई केली की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं : "हळू. अजून वाटेत आहे तो."

मालधक्क्यावरचा एक कारकून झोपेत लाथ मारी. त्याच्यासाठी अण्णांनी वेळूच्या लांब काठीला मोरपीस बांधलं होतं आणि ते उंबऱ्याबाहेरून त्याच्या कानाशी फिरवत. कोंबड्यांवर त्यांचा राग होता. "घरचं वळण नाही त्यांना," म्हणत. शेजाऱ्याच्या कोंबड्यावर ते संध्याकाळीच डालं झाकून यायचे. एकदा तर देवळातल्या पुजाऱ्याशी त्यांचं वाजलं. "काकडआरतीला कानाशी नगारा बडवून देवाला दचकवून उठवता, आणि वर त्याच्याकडे कृपा मागता!" पुजारी म्हणाला, "मग काय देवाला गुदगुल्या करू?" अण्णा गंभीरपणे म्हणाले, "आधी समई लावून थोडा वेळ बसा तर खरं."

मी स्टेशनात तारेच्या यंत्रावर होतो. रात्री यंत्र बंद असे. पहाटे मी जाऊन ते उघडायचं, पुढच्या स्टेशनाची तार घ्यायची, मग गाडी सुटायची. आणि मी कुंभकर्णाच्या वंशातला. मी खिडकीला पाय करून निजत असे. अण्णा गजांतून हात घालून माझ्या पायांवरचं कांबळं वीतभर ओढत, थांबत, पुन्हा वीतभर ओढत. गुडघ्यापर्यंत गारवा आला की विचारत, "गोपाळराव, काल काय जेवलात?" नुसतं 'हो, उठलो' त्यांना चालत नसे. आमटी कशाची होती ते सांगावं लागे.

साहेबाला मात्र आमटीचा पुरावा पुरेना. उशिरा येणारा प्रत्येक जण 'मला उठवलंच नाही' म्हणू लागला, तेव्हा अण्णांनी गेरूची तोड काढली. उठलेल्या माणसानं दार उघडून स्वतःच्या हातानं चौकटीवर गेरूची एक रेघ ओढायची. अण्णा दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं ती पुसत आणि नवी ओढून घेत. रेघ आहे म्हणजे माणूस उठला होता. यावर कुणाचं काही चालत नसे.

आता माझा भाग.

कळव्याला मेहुणीचं लग्न होतं. दोन रात्री जागरण झालं आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. पहाटे अण्णा आले. कांबळं सरकलं, मी आमटी सांगितली, बहुधा लग्नातली जिलबीही सांगितली. दार उघडलं, रेघ ओढली. अण्णा म्हणाले, "छान," आणि पुढच्या दाराला गेले. मी आत येऊन क्षणभर टेकलो.

जाग आली ती इंजिनाच्या शिट्टीनं. एक, दोन, तीन. थांबून पुन्हा तीन. ऊन खिडकीच्या गजांवर आलं होतं. पहिली गाडी स्टेशनातच उभी होती, माझ्या तारेवाचून, आणि त्या गाडीनं मोठा साहेब घाटाकडे जाणार होता हे मला ठाऊक होतं. दाराशी आलो. चौकटीवर माझी रेघ होती, लालभडक, माझ्या खांद्याच्या उंचीवर. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी स्टेशनातला शिपाई धावत येताना दिसला.

विचार करायला वेळ नव्हता असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. वेळ होता. रांजणापर्यंत सात पावलं जाऊन हात ओला करून परत यायचं, एवढा वेळ होता. मी तळव्यानं ती रेघ पुसली. शिपाई आला तेव्हा चौकट कोरी होती.

वळलो तर माझी पत्नी सरस्वती चुलीपाशी उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "हात धुऊन जा. गेरू लागलाय."

स्टेशनात साहेब बाकावर बसला होता, टोपी मांडीवर. शेजारी स्टेशनमास्तर, आमचाच माणूस, घामानं निथळत दुभाष्याचं काम करत होता. समोर अण्णा. मला पाहून त्यांनी मान हलवली, रोज सकाळी हलवत तशी.

"तुला यानं उठवलं होतं?" मास्तरांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "आज हे आलेच नाहीत."

"चौकट?"

"कोरी आहे साहेब," शिपाई म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिली."

मास्तर अण्णांकडे वळले. त्यांना अण्णांची कणव होती, ते वाट दाखवू पाहत होते. "अण्णा, नीट आठवा. गेला होतात की नाही? रेघ ओढून घेतलीत की नाही?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी उजवी मूठ पाठीमागे धरली होती. हात धुतला होता, तरी नखांत गेरू राहिला असेल असं वाटत होतं. मला वाटलं, आता हे बोलतील, आणि मी गेलो. नोकरी गेली, खोली गेली, सरस्वतीला सहावा महिना होता. मग अण्णा मास्तरांना म्हणाले, "गेलो होतो. उठवलंही. पण माणूस पुन्हा निजला याचा अर्थ मी त्याला पुरतं उठवलं नाही. त्यांचा जीव अजून वाटेत होता आणि मी घाईनं पुढच्या दाराला गेलो. चूक माझी आहे."

मास्तरांनी याचं इंग्रजी काय केलं ते मला कळलं नाही. साहेबानं टोपी घातली. त्याच दिवशी अण्णांना काढलं.

त्यांच्या जागी रुळाचा एक तुकडा आला. तो स्टेशनाच्या आवारातल्या उंबराला टांगला आणि पहाटे एक हमाल घणानं तो बडवू लागला. साऱ्या वस्तीतली पोरं रडत उठत, म्हातारी माणसं छाती धरून बसत. मालधक्क्यावरच्या कारकुनानं पहिल्याच दिवशी भिंतीला लाथ मारून अंगठा मोडून घेतला. पेद्रू म्हणाला, "बाबू, मरतंस का जागा होतंस तेच समजत नाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे, घण पडायच्या आधी, माझ्या पायांवरचं कांबळं वीतभर सरकलं.

मी डोळे उघडायचं धाडस केलं नाही. कांबळं आणखी वीतभर सरकलं. "गोपाळराव, काल काय जेवलात?"

काल मी जेवलोच नव्हतो. "भात," मी म्हणालो.

"बरं. उठा सावकाश. आता तो रूळ वाजेल, दचकू नका." आणि अण्णा गेले.

ते रोज येऊ लागले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देत नव्हतं. सरस्वती त्यांच्यासाठी खिडकीत पेजेची वाटी ठेवी, ती तेवढी घेत. पेद्रूकडेही जात, मासळीचं सहस्रनाम चालूच होतं. मी एकदा धीर करून म्हणालो, "अण्णा, आता कशाला एवढे कष्ट?" तर म्हणाले, "चाकरी गेली म्हणून काय तुम्हाला त्या घणाच्या हवाली करू?"

सरस्वती माझ्याशी त्या रेघेबद्दल कधीच बोलली नाही. फक्त एकदा, भाकरी थापताना, म्हणाली, "ते असे का उठवतात, ठाऊक आहे तुम्हाला?"

मी नाही म्हणालो.

"विहिरीवर कळलं. पटकीच्या साथीत त्यांची बायको पहाटे उठलीच नाही. बायकांनी गळा काढला, तर अण्णांनी सगळ्यांना बाहेर घालवलं. म्हणाले, ओरडू नका, हळू, अजून वाटेत आहे ती. दुपारपर्यंत तिच्या पायांवरचं पांघरूण वीतवीत सरकवत बसले होते." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तेव्हापासून त्या माणसाला झोप नाही."

त्या दिवसापासून मला ते कांबळं सरकणं सहन होईना. मी ठरवलं, सांगून टाकायचं. पण पहाटे माझं तोंड झोपेनं जड, आणि दिवसा अण्णा भेटले की चार माणसं सोबत. असं करता करता दोन वर्षं गेली. आम्हाला मुलगी झाली, ती चालू लागली.

शेवटी एकदा मी ठरवून जागा राहिलो. वाक्य पाठ केलं होतं. खिडकीशी उभा राहिलो. अण्णांची पावलं आली. गजांतून हात आत आला, कांबळं चाचपू लागला, पाय सापडेनात तसा थबकला.

"गोपाळराव?"

"जागा आहे, अण्णा."

"आपले आपण?"

"हो."

"दचकून तर नाही ना जागे झालात?"

"नाही."

अंधारात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण लेकराचं पहिलं पाऊल पाहावं तसे ते हसले असावेत. "मग झालं," ते म्हणाले. "एवढंच राहिलं होतं. पुरतं उठवलं म्हणायचं आता तुम्हाला. माझं इथलं काम संपलं."

"अण्णा, थांबा. मला तुम्हाला त्या दिवशीचं..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. माझ्या मागे सरस्वती आणि मुलगी निजल्या होत्या, तिकडे मान केली. "हळू," ते कुजबुजले. "आत माणसं निजली आहेत." आणि गल्लीतून निघून गेले. मी ओरडून हाक मारू शकलो असतो. नाही मारली.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यांच्या दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, पुतणीकडे आंबिवलीला राहायला गेले. आंबिवली म्हणजे दोन कोस. सकाळी निघालं तर जेवणाच्या आत परत यावं. मी म्हणालो, दिवाळी होऊ दे. मग म्हणालो, थंडी ओसरू दे. फाल्गुनात पुतणीचा निरोप आला, तेव्हा तेराव्यालाही उशीर झाला होता.

फार मोठं बोलायचं नव्हतं मला. पाठ केलेलं वाक्य अजून जसंच्या तसं आठवतं : अण्णा, त्या दिवशी तुम्ही मला पुरतं उठवलं होतं.