सहाशे चमचे कोंबडीखत

घड्याळकाकांनी उभा जन्म लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू केली होती. त्यामुळे आपल्या हातून बिघडेल असं जगात काही नाही, याची त्यांना खात्री होती. थोरली बहीण मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस लेकीकडे निघाली, तेव्हा तिची टोमॅटोची सहाशे रोपं सांभाळायला ते आपणहून पुढे झाले.

"सकाळ-संध्याकाळ पाणी घाल. बाकी काही करू नकोस," ताई म्हणाली.

"ताई, केसाएवढी स्प्रिंग बसवणारा माणूस आहे मी."

"म्हणूनच सांगतेय."

रोपं बोटभर उंचीची, हिरव्या जाळीखाली ट्रेमध्ये शहाण्या मुलांसारखी रांगेत उभी. ती नेणारा मळेवाला सोमवारी यायचा होता. दुसऱ्याच दिवशी काकांना ती अशक्त वाटू लागली. त्यांनी अंडेवाल्याकडून घमेलंभर कोंबडीखत आणलं, इतकं ताजं की त्यात अजून पिसं होती, आणि चहाच्या चमच्याने एकेका रोपाच्या बुडाशी घातलं. सहाशे चमचे. कंबर धरली, पण मन तृप्त झालं.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. भूक भागली नसेल, असं म्हणून काकांनी आणखी अर्धा-अर्धा चमचा वाढला. चौथ्या दिवशी पानं उदबत्ती टेकवल्यासारखी आक्रसली आणि जाळीखाली माशांचा बाजार भरला. नेमका तेव्हाच ताईचा फोन आला.

"रोपं कशी आहेत?"

"छान. डोळा कसा आहे?"

"डोळ्यावर पट्टी आहे, कान उघडे आहेत. काय झालंय?"

"काही नाही, दूध उतू चाललंय," म्हणत काकांनी फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं. एक रोप रुमालात गुंडाळून ते तडक बियाण्यांच्या दुकानात गेले.

दुकानदारीणबाईंनी रुमाल उघडला आणि नाक दाबलं. "खत किती दिवस कुजवलेलं होतं?"

"कुजवायचं कशाला? ताजं आणलं."

"काका, कोंबडीखत फार कडक असतं. चार-सहा महिने मुरवून मग वापरतात. तुम्ही मुळं भाजलीत."

"उपाय?" काकांनी विचारलं.

"आहे तेवढं खत खरवडून काढा. भरपूर पाणी घालून निचरू द्या. वाचतील ती वाचतील."

पुढचे दोन दिवस काका त्याच चमच्याने खत उलटं काढत बसले. निम्मी रोपं हातातच मान टाकत होती. जेवणाचा घास तोंडाशी आला की तो वास आधी पोचायचा. उरलेल्यांपैकी कुठल्याशा रोपाला नवं पान फुटलेलं दिसलं, तेव्हा त्यांना रडू यायचं बाकी राहिलं होतं.

आणि मळेवाला रविवारीच दारात उभा राहिला. "जमीन तयार आहे म्हटलं, एक दिवस आधीच नेऊ."

काका दारात आडवे आले. "आज नका नेऊ. रोपांना जरा सर्दी झालीय."

मळेवाल्याने हवेत एकदा नाक फिरवलं, आणि काकांना बाजूला सारून जाळी उचलली. एकेक ट्रे उचलून त्याने रोपं तपासली. काकांनी सगळं कबूल केलं, दीड चमच्यासकट.

"दोनशे धडकी आहेत, ती नेतो," तो शेवटी म्हणाला. "बाकीच्यांसाठी ताईंना सांगा, मी महिनाभर थांबतो. आणि ते काढलेलं खत कुठे आहे? तेही द्या. खत चांगलंय. घाई तुमची होती."

संध्याकाळी ताई आली. पट्टीखालच्या डोळ्याला दिसत नव्हतं, दुसऱ्याला रिकामे ट्रे पुरेसे दिसले. काका खाली मान घालून सांगत राहिले. ती ऐकून घेत खुर्चीवर बसली.

"उद्या नवीन बी पेरायचं," ती म्हणाली. "मला अजून वाकायला बंदी आहे. तू महिनाभर इथेच राहायचंस."

"राहतो. मग मी काय काय करायचं?"

"सकाळ-संध्याकाळ पाणी. आणि मी समोर खुर्ची टाकून बसणार आहे."

काकांनी निमूट मान हलवली आणि आणखी एकदा हात धुवायला गेले.