न फवारलेलं झाड

खैरनार सर लग्नाच्या पंगतीत फ्लॉवरच्या भाजीला हात लावण्याआधी खिशातून भिंग काढतात. गंगापूर रोडवरच्या एका लॉन्समध्ये हे मी शेजारी बसून पाहिलं आहे. त्यांनी एक तुरा उलटा केला, भिंग लावलं आणि समाधानाने मान हलवली.

"अळी आहे," ते म्हणाले.

समोरच्या काकूंनी ताट सरकवलं.

"सरकवता कशाला? अळी आहे म्हणजे शेतकऱ्यानं बेतानं फवारलंय. बिनधास्त खा. अळी नसती तर मी उठलो असतो."

काकू उठल्या. त्यांच्यामागून त्या ओळीतले आणखी काही जण उठले. सर शेवटच्या मठ्ठ्यापर्यंत जेवले. त्या घराकडून आमच्या सोसायटीत पुन्हा कुणाला आमंत्रण आलेलं नाही.

सर मूळचे सटाण्याकडचे. शेतकी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला लागतात, सर निंबोळ्या वेचायला लागले. वनस्पतींपासून केलेली कीटकनाशकं हा त्यांचा विषय, आणि आमच्या इमारतीची गच्ची ही त्यांची प्रयोगशाळा. तिथल्या ड्रममध्ये कडुनिंब, निरगुडी, करंज, रुई, सीताफळ असा दहा प्रकारचा पाला गोमूत्रात महिनाभर कुजत असतो. याला दशपर्णी अर्क म्हणतात. सर तो रोज सकाळी काठीने ढवळतात आणि त्यानंतर बराच वेळ इमारतीतल्या खिडक्या बंद असतात.

"वास येतोय," अशी तक्रार केली की सर खूश होतात. "येतोय ना? म्हणजे मुरतोय."

अर्क लागू पडतो, हे नमूद करायला हवं. आमच्या तुळशीवरचा मावा त्यांनी एका फवाऱ्यात घालवला. त्या आठवड्यात आमच्या घरी पाहुणेही आले नाहीत.

"आधी ओळख, मग फवारणी," हे त्यांचं ब्रीद. शत्रू कोण आहे हे कळल्याशिवाय औषध मारणं त्यांना अडाणीपणाचं वाटतं. सोसायटीच्या सेक्रेटरी कोठावदे बाईंच्या स्वयंपाकघरात झुरळ निघालं, बाईंनी चप्पल उगारली, तर सर दारातून ओरडले, "थांबा, काय करी राह्यना!" घाईत असले की त्यांची अहिराणी बाहेर येते. मग ते टॉर्च घेऊन फरशीवर पालथे झोपले. झुरळाने त्यांना नीट पाहू दिलं आणि फ्रिजखाली गेलं.

"जर्मन आहे. अमेरिकन नाही," असं सांगून सर घरी गेले.

घरी ते एकटेच असतात. पत्नी काही वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा हर्षल व्हँकुव्हरला एका रासायनिक कीटकनाशकांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. एकदा शेतकरी मेळाव्यात बोलताना सर रंगात आले आणि म्हणाले, "विष विकणारे ही शेतीवरची सर्वांत मोठी कीड. ती माझ्या घरातही निपजली." सभा हसली. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ते खैरनारांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पोचलं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद आहे. सर याबद्दल बोलत नाहीत. फार विचारलं तर, "त्याच्यात प्रतिकारक्षमता तयार झालीय," एवढं म्हणतात.

पावसाळा सरता सरता सोसायटीच्या आवारातल्या कढीपत्त्याला अळी लागली. हे झाड सगळ्या इमारतीच्या फोडणीचा आधार. शेवटी सरांचा काही उपयोग होणार म्हणून सगळे आनंदले. कोठावदे बाई स्वतः त्यांना खाली घेऊन आल्या. सरांनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं.

"लिंबाच्या फुलपाखराची अळी," ते म्हणाले. "लिंबावर येते, कढीपत्त्यावरही येते."

"ओळख झाली. आता फवारा."

"बघतो."

ज्या माणसाने शेजारच्या बंगल्यातला गुलाब न विचारता फवारला होता, त्याने 'बघतो' म्हणणं संशयास्पद होतं. दिवस गेले. अळ्या जाड झाल्या, झाड बोडकं होत गेलं. एका सकाळी त्याच्या बुंध्यावर पाटी दिसली : 'तुलनेचे झाड. फवारणी करू नये.'

कोठावदे बाईंनी खुलासा मागितला. सरांनी वर्गात शिकवावं तसं सांगितलं, की कुठल्याही शास्त्रीय प्रयोगात एक वाफा न फवारता ठेवतात. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय औषध लागू पडलं की नाही, हे कळणार कसं?

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "आणि फवारलेलं झाड कुठाय, सर?"

"ते अजून लावायचंय."

कमिटीची बैठक झाली. पार्किंगच्या वादावर दोन वर्षं एकमत न झालेल्या कमिटीचं कढीपत्त्यावर चहा यायच्या आत एकमत झालं. रविवारी सकाळी पेस्ट कंट्रोलवाला बोलवायचा, गटारांबरोबर झाडही करून घ्यायचं. मी वर्तमानपत्रात होतो, म्हणून वाईट बातमी सांगायचं काम माझ्याकडे आलं. सरांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "सकाळी म्हणजे किती वाजता?"

रविवारी मी खाली गेलो तेव्हा पेस्ट कंट्रोलचा सोमनाथ पाठीला पंप अडकवून उभा होता.

"साहेब, ते सर फोन ठेवंनात," तो म्हणाला. "मारू का नको? मला अजून नाशिक रोडला जायचंय."

सर झाडाला जवळजवळ चिकटून उभे होते. एका हातात मोबाइल पानासमोर धरलेला, दुसऱ्या हाताच्या बोटाने ते एका हिरव्या अळीला हळूच डिवचत होते. अळीने डोक्यातून दोन केशरी शिंगं बाहेर काढली. मोबाइलमधून एका लहान मुलीचं हसू आलं. हर्षलची मुलगी इरा.

"आजोबा, परत. परत तिला राग आणा."

"एकदाच, बेटा. फार चिडवलं की ती जेवणच सोडते."

"ती कालपेक्षा जाडी झाली."

"मग? रोज खाते ती. तू जेवलीस?"

"हो. आई म्हणते अळी दाखवून झाली की फोन ठेव."

"बाबा आहे घरी?"

"आहे ना. तिकडे लॅपटॉपवर."

"बरं, बरं. राहू दे. हे बघ, या फांदीवर अजून एक आहे."

कोठावदे बाई पायऱ्या उतरून आल्या होत्या, भांडणाच्या पूर्ण तयारीनिशी. त्यांनी हे सगळं ऐकलं. सरांची पाठ त्यांच्याकडे होती. बाई सोमनाथकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही गटारं करून घ्या."

"आन् झाड, ताई?"

"झाड प्रयोगात आहे. पाटी वाचता येत नाही का?"

त्या आठवड्यापासून बाई कढीपत्ता बाजारातून आणू लागल्या. अळ्यांचे कोश झाले, कोशांतून फुलपाखरं निघाली आणि कमिटीचा कसलाही ठराव न होता उडून गेली. झाडाला नवी पालवी फुटली. सरांनी पाटी काढली. आता ते रोज सकाळी एकेक पान उलटं करून पाहत, पण एकाही पानावर अंडं नव्हतं. त्यांचा फोनही लवकर आटपू लागला. एकदा मी ऐकलं, "आज काही नाही गं. उद्या बघू." तेवढंच.

मग एका सकाळी लवकर त्यांनी माझी बेल वाजवली. "स्कूटर काढा. मखमलाबादला नर्सरीत जायचंय."

नर्सरीत त्यांनी लिंबाची रोपं बघितली. तुकतुकीत पानांची रोपं एकामागून एक बाजूला केली. अगदी कडेला पानं कुरतडलेलं एक रोप होतं, ते त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि उचललं.

"सर, ते नका घेऊ," नर्सरीवाला म्हणाला. "त्याला अळी हाय. हे घ्या, लय भारी रोप हाय."

"हेच द्या."

"मग थांबा, फवारून देतो."

सरांनी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि चालू लागले.

येताना ते मागे बसले, रोप दोघांच्या मध्ये. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "इरा किती वाजता झोपत असेल?"

"मला कसं माहीत असणार, सर? हर्षलला विचारा."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. सिग्नल सुटला तशी मी स्कूटर कडेला घेऊन उभी केली. आरशात ते चष्मा कपाळावर सारून मोबाइलवर एका बोटाने टाइप करताना दिसले. त्यांनी काहीतरी खोडलं, पुन्हा टाइप केलं आणि पाठवलं. नंतर मोबाइल तळहातावर धरून ते नुसते पाहत राहिले.

उत्तर लवकर आलं. त्यांनी ते वाचलं आणि माझ्या खांद्यावरून मोबाइल पुढे केला, आपल्याला नीट दिसलं नाही, तुम्हीच वाचून दाखवा, अशा आविर्भावात. मी वाचलं : 'साडेआठला झोपते. आज थांबवतो तिला. मीपण बघेन.'

"सावकाश घ्या," सर म्हणाले. "रोपाला वारा लागतोय."