नवशिक्याचा स्मोकर

चष्मेवाल्याने स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायची शेगडी, घ्यायचं ठरवलं ते खरं तर सासऱ्यांमुळे. सासरे निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर. उभं आयुष्य त्यांनी आग, वाफ आणि धूर यांच्या चुका काढण्यात घालवलं होतं आणि निवृत्तीनंतर चुका काढायला त्यांना जावई तेवढा उरला होता. मागच्या वेळी जेवताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "मग, ती दुर्बीण काय म्हणते? आणि ते पाव भाजायचं मशीन?"

दोन्ही वस्तू माळ्यावर होत्या. बायको ताटात बघून हसली. ते हसू चष्मेवाल्याला झोंबलं आणि तो बोलून गेला, "पुढच्या रविवारी या, बाबा. धुरावर शिजवलेली कोंबडी खाऊ घालतो."

"धुरावर? कोणत्या धुरावर?"

धूर अजून विकत घ्यायचा होता.

दुकानात चष्मेवाला दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायचा, "हे बरं दिसतं, की हे?" गिऱ्हाईक घुटमळलं की मनातून वैतागायचा. आता तोच मोबाइल नाकाशी धरून घुटमळत होता. पिंपासारखा उभा स्मोकर बरा, की बाजूला कोळशाची पेटी असलेला आडवा? 'नवशिक्यांसाठी स्वस्त स्मोकर' असं त्याने इतक्यांदा शोधलं, की मोबाइलचा काहीतरी गैरसमज झाला आणि तो त्याला सिगारेट सोडवणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती दाखवू लागला.

शेवटी सगळ्यांत स्वस्त, तो उभा स्मोकर त्याने पसंत केला. त्याच्याबद्दल एकाने लिहिलं होतं, 'आयुष्य बदललं.' त्याच्याच खाली दुसऱ्याने लिहिलं होतं, 'पाय निखळला.' पाय नक्की कोणाचा, याचा खुलासा नव्हता. चष्मेवाल्याने पहिल्यावर विश्वास ठेवला.

रविवारी सकाळी त्याने परसात तो जोडायला घेतला. जोडून झाल्यावर मूठभर स्क्रू उरले.

"हे कुठले?" बायकोने विचारलं.

"जादाचे देतात."

"इतके?"

"कंपनी उदार आहे."

बायको काही न बोलता आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिच्या न बोलण्याचेही प्रकार त्याला ओळखू यायचे. हा प्रकार काळजीचा होता.

स्मोकरमध्ये दोन पसरट भांडी होती. एकाला भोकं होती, एकाला नव्हती. एक खाली कोळशासाठी, दुसरं त्याच्या वर पाण्यासाठी, म्हणजे आच मंद राहते. चष्मेवाल्याने विचार केला: कोळसा भोकांतून खाली पडेल, तेव्हा भोकाचं भांडं वर. विचार करताना त्याला पाण्याची आठवण राहिली नाही.

सासरे आले तेव्हा कोळसा कसाबसा धुमसत होता. बोटांच्या पेरांनी त्यांनी स्मोकर टकटक वाजवून बघितला. "पत्रा पातळ आहे."

"नवशिक्यांसाठी असाच असतो, बाबा. आता बघा हं." आणि त्याने ऐटीत तांब्याभर पाणी वरच्या भांड्यात ओतलं.

पाणी भोकांतून सरळ कोळशावर गेलं. फस्सकन आवाज झाला आणि स्मोकरमधून राखाडी वाफेचा असा लोट उठला, की सासरे सवयीने दोन पावलं मागे सरले. लोट वर चढला आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या चादरींमध्ये शिरला.

"अहो, काय जळतंय?" काकू गॅलरीतून ओरडल्या.

"काही नाही, काकू! विझलंय!"

"मग विझवून एवढा धूर काढता, तर पेटवून किती काढाल?"

"वाफ मात्र चांगली धरली," सासरे म्हणाले.

भांड्यांची अदलाबदल झाली. कोळसा पुन्हा पेटेना, म्हणून चष्मेवाल्याने बायकोचं केस वाळवायचं मशीन आणलं. कोळसा फुलला, पण राख उडाली, आणि जी चादर वाफेतून वाचली होती तिच्यावर जाऊन बसली. ओले केलेले लाकडाचे तुकडे त्याने निखाऱ्यांवर टाकले. मग खरा धूर सुटला आणि त्याने कोंबडी वरच्या जाळीवर ठेवली. वारा नेमका घराकडे होता. स्वयंपाकघर, बैठकीची खोली, पडदे, उशा, सगळीकडे धूर पाहुण्यासारखा हिंडून आला. काकूंची समजूत काढण्यासाठी चष्मेवाल्याने त्यांनाही जेवायला बोलावलं.

झाकणावरच्या तापमापकावर आकडे नव्हते. 'कमी', 'बरोबर' आणि 'जास्त' एवढंच. काटा 'कमी'वरून हलायला लागला, की चष्मेवाला झाकण उघडून बघायचा आणि काटा परत 'कमी'वर यायचा. तो बाजूला झाला, की सासरे तपासणीसाठी झाकण उघडायचे. काकू खाली आल्या आणि त्यांनीही एकदा उघडलं. उन्हं डोक्यावर आली तरी कोंबडी सकाळइतकीच गोरी होती. सासरे आणि काकू कंटाळून कधीच आत जाऊन बसले होते.

"जेवायला चला!" आतून बायकोची हाक आली.

चष्मेवाल्याने झाकण लावलं आणि फाशीला निघाल्यासारखा आत गेला. बघतो तर टेबलाच्या मधोमध तांबूस, खरपूस, चकचकीत कोंबडी!

"तुम्ही कोळसा आणायला गेला होतात ना, तेवढ्यात मी काढून आणली," बायको शांतपणे म्हणाली. ओव्हन तिच्या मागे अजून गरम होता. सकाळी ते स्क्रू बघितल्याबरोबर तिने दुसरी कोंबडी आत लावली होती.

सासऱ्यांनी पहिला घास घेतला. चावला. डोळे मिटले. "धूर! अगदी आतपर्यंत मुरलाय!"

मुरणारच. पडद्यांत, केसांत, पाण्याच्या ग्लासांत, काकडीच्या चकत्यांतसुद्धा मुरला होता. काकूंनी दुसरा तुकडा उचलला आणि त्या समाधानाने म्हणाल्या, "माझ्या चादरींना अगदी हाच वास येतोय."

"जावईबापू," सासरे म्हणाले, "चूक काढायला जागाच नाही हो."

हे वाक्य ऐकायची चष्मेवाल्याने लग्न झाल्यापासून वाट पाहिली होती. खरं सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं. टेबलाखाली बायकोचा पाय त्याच्या पायावर पडला. उघडलेल्या तोंडाचं आता काय करायचं म्हणून तो म्हणाला, "आच मंद हवी, एवढंच." मग त्याला थांबवेना. लाकूड कोणतं, कोळसा किती, हवा कुठून, हे सगळं तो गोड खाऊन होईपर्यंत सांगत राहिला. सासरे मान डोलवत होते. स्वतःचा आवाज ऐकून त्याला स्वतःलाही ते बऱ्यापैकी पटलं.

पाहुणे गेल्यावर संध्याकाळी तो मुकाट्याने स्मोकर साफ करायला परसात गेला. काटा 'बरोबर'वर उभा होता. दुपारपासून झाकणाला कोणी हात लावला नव्हता. त्याने ते उचललं. आत गडद तपकिरी कोंबडी शांतपणे बसली होती. तंगडीला बोट लावलं तर हाड अलगद हातात आलं. त्याने तुकडा तोंडात टाकला आणि उपड्या बादलीवर मटकन बसला. असं काही त्याने जन्मात खाल्लं नव्हतं.

तो ताटली घेऊन धावत आत गेला. बायको पाय वर घेऊन पडली होती.

"हे खा. हे माझं. खरं!"

"अहो, आता कोंबडीचं नाव नको."

"एकच घास. तुला माझी शपथ."

तिने घास घेतला. चावला. थांबली. चष्मेवाल्याने ताटली आणखी पुढे केली.

"छान झालीय," ती म्हणाली. "खरंच छान. फक्त, दुपारच्या कोंबडीला धुराची चव जास्त होती."