भुताला जेवायला विचारणाऱ्या काकू

दुर्गाकाकूंनी भुताच्या सिनेमाला दहीभाताचा डबा नेला होता. स्वतःसाठी नव्हे, भुतासाठी.

कल्याणच्या चाळीत मी नवी सून म्हणून आले, तेव्हाच सासूबाईंनी बजावलं होतं, "शेजारच्या काकूंशी भुताखेतांवरून वाद घालू नकोस." पण काकूंना भुतांची भीती नव्हतीच, काळजी होती. "मेलं म्हणून भूक थोडीच मरते?" हे त्यांचं पालुपद.

तांदूळ रेशनवर मिळायचा, तरी दर अवसेला त्या विठ्ठलवाडीच्या वाटेवरच्या विहिरीवर दहीभात ठेवून येत. तिथे हडळ आहे, असं लोक म्हणत. काकूंची लेक सुमती पहिल्या बाळंतपणात गेली होती. तेवढ्यावर गावाने विहीर तिच्या नावावर करून टाकली. दुसरी एखादी आई भांडली असती. काकू म्हणाल्या, "असेल तर बरंच. भेटेल तरी एकदा." ती काही भेटली नाही. भात मात्र संपायचा. तिथले कावळे चांगले गुबगुबीत होते.

मग टॉकीजला झपाटलेल्या हवेलीचा सिनेमा लागला आणि कोणीतरी पुडी सोडली, की गोष्ट आपल्याच विहिरीवरून उचललीय. काकू मला दुपारच्या खेळाला ओढत घेऊन गेल्या. "आपलीच आहे का, बघून तर येऊ."

पडद्यावर पांढऱ्या साडीतली बाई मेणबत्ती घेऊन गात फिरू लागली. बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले. काकूंचं आपलं चालूच. "किती वाळलीय." "एवढी मोठी हवेली, पण घासभर विचारायला कोणी नाही."

"गप बसा हो आजी," मागून कोणीतरी म्हणालं.

"तुझी कोण लागते ती?" काकूंनी वळून विचारलं.

मध्यंतरात त्या डबा पडद्यापाशी ठेवायला निघाल्या. डोअरकीपरने हात जोडून परत बसवलं.

शेवटी उलगडा झाला. भूत नव्हतंच, इस्टेटीसाठी दिवाणजीने एक बाई फिरवत ठेवली होती. बेड्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. मीही हुश्श केलं.

दिवे लागले तरी काकू उठेनात.

"म्हणजे तिथे कोणीच नव्हतं?"

"सिनेमा आहे हो, काकू."

"पण विहिरीवरही कोणी नसलं तर?" त्यांनी माझा हात धरला. "मग गेली कुठे गं ती?"

मी मॅट्रिक झालेली. भुतं नसतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघवेना. म्हणाले, "विहिरीवर आहे ती. मी पाहिलीय. नाक अगदी तुमच्यासारखं."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग डोळे पुसून हसल्या.

"नाक बापाचं होतं तिचं," त्या म्हणाल्या. पण घर येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.