अंगाईमागचा पंखा

काव्याच्या बाळंतपणाला आठ दिवस उरले होते आणि सरस्वतीबाईंना कॅनडाचा व्हिसा काही मिळाला नव्हता. आई येत नाही तर तिचा आवाज तरी येऊ दे, म्हणून लेकीनं चांगला माइक पाठवला होता. म्हैसूरच्या त्या छोट्या हॉलमध्ये कंप्युटरपुढं बसून सरस्वतीबाईंनी अंगाई गायली, नागोजीरावांनी ती पाठवली आणि पाठोपाठ फोन आला.

"अप्पा, अम्मापेक्षा कंप्युटरचा फॅनच जास्त गातोय."

नागोजीरावांना हे लागलं. कडकोळच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. त्याच्या घरातलं यंत्र असं गुरगुरावं? त्यांनी कंप्युटरवर घोंगडी टाकली.

"री, अहो, थंडी वाजतेय का त्याला?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"तू सुम्ने, गुमान गा बघू."

"नीज माझ्या सोन्या, कावेरी निजली, साळीच्या लोंबीत पाखरं निजली..."

एवढ्यात प्रोसेसर तापला आणि कंप्युटर आपोआप बंद पडला.

"हा पाखरांच्या आधीच निजला," सरस्वतीबाई म्हणाल्या.

मग नागोजीरावांनी फॅनची वायरच काढली. शांतता फार सुरेख होती. चार मिनिटं टिकली. वायर पुन्हा जोडून त्यांनी बाहेरून टेबलफॅनचा वारा दिला. आतला फॅन खरंच हळू झाला. तेव्हाचं गाणं ऐकून काव्यानं विचारलं, "अम्मा विमानात बसून गातेय का?"

शेवटी त्यांनी खोकं उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्यात धूळ होतीच, पण धुळीत हळदकुंकू होतं, विभूती होती, शेवंतीच्या सुकलेल्या पाकळ्या होत्या. नऊ दसऱ्यांची आयुधपूजा. दर वर्षी नागोजीरावांनी भक्तिभावानं वाहिलेली, पंख्यानं तितक्याच भक्तिभावानं आत ओढलेली.

"अय्यो, एवढी पूजा करायची आणि मग तोच गुरगुरतो म्हणायचं," सरस्वतीबाई म्हणाल्या.

नागोजीरावांनी ब्रशनं एकेक पातं झाडलं, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली आणि खोकं बंद करताना त्याला हळूच नमस्कार केला. आता कंप्युटर थंड होता आणि चालू आहे की नाही तेही कळत नव्हतं. तीन दिवसांच्या खटपटीनंतर नागोजीराव समाधानानं खुर्चीत टेकले.

सरस्वतीबाईंनी तोंड उघडलं. सूर लागेना. पुन्हा उघडलं. तरी लागेना.

"काय झालं गं?"

"रिकामं रिकामं वाटतंय हो. मी अशी कधी गायले? तिकडं ग्राइंडरमध्ये इडलीचं पीठ फिरायचं, इकडं मांडीवर काव्या." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आता पीठही नाही नि मांडीवर कोणी नाही."

नागोजीराव खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले, ओठ मिटले आणि खालच्या पट्टीत एकसुरी घुमू लागले. भिजल्या उडदावर ग्राइंडरचा दगड फिरावा तसे. त्या सुराला धरून सरस्वतीबाईंचा आवाज उठला आणि कावेरी, साळ, पाखरं, सगळ्यांना निजवून शेवटपर्यंत पोचला.

थोड्या वेळानं फोन वाजला. काव्याचा आवाज ओला होता.

"अम्मा, तीनदा ऐकलं मी. फक्त तो फॅन मागं अजून घुमतोय गं. अप्पांना सांग, आता बदलून टाका."

नागोजीराव तोंड उघडणार, तोच सरस्वतीबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "जुना आहे, लवकर तापतो. पण मला त्याच्याशिवाय गाता येत नाही."