तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी

व्हिडिओ गेमबद्दल मराठीत बोलावं तर सुधन्वा देशमुखनेच, असं खुद्द सुधन्वा देशमुखचं ठाम मत होतं! दिवसभर केंद्र सरकारच्या फायलींवर टिपणं लिहायची आणि मेट्रोने मयूर विहारला घरी आलं, की मित्रांच्या ग्रुपवर टिपणं बोलायची. कुठल्या गेममधला घोडा म्हशीसारखा पळतो, कुठल्या सिरीजचा शेवट बासुंदीत मीठ पडल्यासारखा झाला, कुठल्या सुपरहिरोने आता पेन्शन घ्यावी... सगळ्यावर मत तयार! कादंबरी, त्याची बायको, मटार सोलता सोलता "अच्छा" म्हणायची. तेवढीच दाद.

त्या रविवारी सकाळी एक अवघड लेव्हल पार झाली आणि सुधन्वाने जोशात फोन तोंडाशी धरला. "ऐका यार! तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीला आधी संपवायचं. दयामाया नाही! तिच्या कुत्र्याला बिस्किट टाका, मागच्या दाराने आत शिरा. आज संध्याकाळी मी स्वतः करून दाखवतो!"

पाठवलं आणि गडी आंघोळीला गेला. मेसेज मात्र मित्रांकडे न जाता सोसायटीच्या ग्रुपवर गेला.

आता तिसऱ्या मजल्यावर राहायच्या प्रेमला गजभिये. पोस्टातून निवृत्त, मूळच्या नागपूरच्या, एकट्या. सोबतीला शेरू नावाचा कुत्रा! सोसायटीचे सेक्रेटरी गौरव मल्होत्रा पूर्वी नोकरीनिमित्त पुण्यात राहिलेले. त्यांना मराठी बेताचंच कळायचं, पण नेमकं हेच कळलं.

दारावर धाडधाड झाली. सुधन्वाने टॉवेलवरच दार उघडलं. समोर मल्होत्रा, हातात क्रिकेटची बॅट, मागे गेटवरचा गार्ड.

"देशमुखजी, आप ऐसे निकलेंगे, सोचा नहीं था!"

"अहो, आंघोळीतून माणूस असाच निघतो!"

कादंबरीने मेसेज ऐकला आणि कपाळाला हात लावला. "भाईसाब, ये गेम की बात है!"

"तो फिर बिस्किट?"

"साहब," गार्डला आठवलं, "कल ही ये शेरू को बिस्किट खिला रहे थे!"

"प्रॅक्टिस!" मल्होत्रा किंचाळले.

सुधन्वाला कसेबसे कपडे घालू दिले आणि वरात तिसऱ्या मजल्यावर निघाली. प्रेमलाकाकूंच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी बिल्डिंग लोटलेली! कुणी राजमा-चावल आणलेला, कुणी हॉकी स्टिक. एक बाई चहा टाकत होत्या, दुसऱ्या काकूंचे पाय चेपत होत्या. शेरू बिचारा सुधन्वाला बघून शेपटी हलवत धावत आला, तर चौघांनी त्याला उचलून मागे नेलं.

"आंटीजी, आप बोलिए, पुलिस बुलाऊं?" मल्होत्रांचं बोट फोनवर टेकलेलं.

पोलीस, चौकशी, सस्पेन्शन! सुधन्वाची सरकारी नोकरी डोळ्यांसमोरून हात हलवत निघाली.

काकूंनी मेसेज पुन्हा लावायला सांगितला. शांतपणे ऐकला. मग त्या इतक्या हसल्या की चष्मा घसरला. "कुछ नहीं जी! मेरी पोती नागपूर में यही खेलती है. फोन पर आधी-अधूरी कहानी सुनाती है. आप सब बैठिए, चाय पीजिए!"

बॅट खाली आली. हॉकी स्टिक कोपऱ्यात गेली. मल्होत्रांनी माफी मागितली आणि राजमाही मागितला! गप्पांना असा रंग चढला की दुपारचं जेवण तिथेच झालं.

सगळे पांगल्यावर सुधन्वा हात जोडून उभा राहिला. "काकू, तुम्ही नसतात तर आज मी कोठडीत असतो. तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले रे बापा!" काकू खुर्चीतून कशाबशा वळल्या. "गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून कुरियरवाल्याशिवाय कोणी बेल नाही वाजवली. आज घर कसं भरलं होतं! बस इथं. आता सांग, त्या म्हातारीचं पुढे काय होते?"

आपण याच जिन्याने रोज चढ-उतार करतो आणि कधी या दारापाशी थांबलो नाही, हे सुधन्वाला त्या क्षणी फार लागलं. तो बसला. बोलत राहिला. काकू मन लावून ऐकत होत्या, मध्येच शंका विचारत होत्या. जन्मात पहिल्यांदा त्याच्या मतांना श्रोता मिळाला होता!

तो निघाला, तेव्हा काकूंनी हळूच हाक मारली.

"सुधन्वा, पुढच्या रविवारीही एखादी धमकी टाकशील का रे? फक्त आदल्या दिवशी कळव. पोहे जास्त भिजवावे लागतील!"