फौजीतात्या रस्त्यात हाय

राहुरीच्या बाजारातून आमच्या वस्तीवर यायला सायकलने अर्धा तास पुरतो. आमचे शेजारी फौजीतात्या सकाळी बाजारातून निघतात आणि दिवस मावळायच्या बेताला घरी पोचतात. मध्ये फोन केला की एकच उत्तर : "रस्त्यात हाय!" खोटं नाही. ते खरंच रस्त्यातच असतात. कुणाची विहिरीतली मोटार ओढायला, कुणाचा उसाचा टेम्पो ढकलायला.

घरी मात्र फौजी भाषेत रिपोर्ट देतात, "पुढं रस्ता बंद हुता. मोर्चा बदलला." तोवर पिशवीतल्या पालकाने मान टाकलेली असते. त्यांची बायको, शांताकाकू, ती जुडी हातात धरून विचारतात, "अवं, ह्यो बी लढाईवर गेल्ता का?"

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. हे मी कुणी न विचारता सांगतो, कारण ते फुकट मिळालेलं नाही. तात्या मला 'बीए' अशीच हाक मारतात. एकदा त्यांच्या ओट्यावर बसून मी कॉलेजात शिकलेली गोष्ट सांगितली. ग्रीक पुराणातला एक राजा लढाई जिंकून घरी निघाला, त्याला पोचायलाच दहा वर्षं लागली.

तात्या सरसावून बसले. बिरादरीचा माणूस भेटला होता.

"दहा? कारन काय दिलं गड्यानं?"

"समुद्र खवळला. एका डोळ्याचा राक्षस आडवा आला. मग एका जादूगारणीनं वर्षभर ठेवून घेतलं."

तात्यांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज उतरवला. "हे शेवटचं कारन हितं मोठ्यानं सांगू नको. बरं, आन बायको?"

"ती घरात मागावर कापड विणायची. दिवसा विणायचं, रात्री उसवायचं. असं करत वाट पाहत बसली."

तात्या एकदम भडकले. "घरात बसून? मग वाट कुठं बघितली तिनं? वाट बघायची तर वाटंवर यावं लागतं. कापडाकडं बघून कुनी वाट बघतं व्हय?"

आतून काकूंचा आवाज आला, "तिच्या दावनीला म्हशी नसत्याल. म्हनून जमलं उसवायला."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी डेअरीवर दूध घालून परत येत होतो. पाटाच्या कडेला, बाभळीआड सायकल आडवी टाकून तात्या बसलेले. समोर हाकेच्या अंतरावर त्यांचं घर.

"तात्या, हितं काय?"

"गप. खाली बस."

थोड्या वेळाने काकू दारातून बाहेर आल्या. वळणापर्यंत चालत आल्या, कपाळावर हात धरून रस्ता न्याहाळत उभ्या राहिल्या. तात्यांचा चेहरा असा फुलला, की मीच दुसरीकडे बघितलं.

"लढाईत पायाला लागलं," ते हळूच म्हणाले. "या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, महिनं गेलं. गावानं आशा सोडली हुती. आन एसटीतनं उतरलो, तर ही ह्याच वळनावर हुबी. रोज यायची म्हनं. तवापासून मला ही चटक लागली, बीए." आणि उठून त्यांनी धोतर झटकलं. "चला. रस्ता खुला झाला."

मी काकूंना हे हळूच सांगितलं, तर त्या हसल्या. "मला डोळं न्हाईत का? बाभळीआड सायकलीचं चाक चमकतंय. पन मी न्हाई गेले, तर ह्यो मानूस तिथंच मुक्काम ठोकंल."

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी काकू आल्याच नाहीत. मी तात्यांबरोबर बाभळीआड होतो. म्हशी परतल्या, ऊन उतरलं, दारात कुणी नाही.

"रुसल्या असतील," मी म्हणालो.

"रुसली तरी येती ती. रुसून येती." सायकल तिथंच टाकून तात्या लंगडत पळत सुटले. एवढं सरळ घरी जाताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

काकू उंबऱ्यावर बसलेल्या. गुडघा टम्म सुजलेला, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

"निघालेच हुते," त्या म्हणाल्या. "गुडघा उठू दीना."

तात्यांनी रिपोर्ट दिला नाही. खाली बसून त्यांनी ती एकुलती चप्पल पायातून काढली आणि गुडघा चोळायला घेतला. "आता तू यायचं न्हाई. मी येळंवर घरी येत जाईन."

"आन मग मी काय करू?" काकू म्हणाल्या. "दिसभर उसवत बसू?"

तात्यांना उत्तर दुसऱ्या दिवशी सुचलं. त्यांनी बाज ओट्यावर आणून रस्त्याच्या बाजूला टाकली, काकूंना तिच्यावर बसवलं, पाठीशी उशी दिली. "हितून वळन दिसतंय ना?" असं विचारून खात्री केली. मग काहीही काम नसताना सायकल काढली, वळणाच्या पलीकडे दिसेनासे झाले आणि लगेच घंटी वाजवत परत यायला निघाले.

काकूंनी कपाळावर हात धरला. आभाळ भरलेलं होतं, उन्हाचा पत्ता नव्हता.